अलाइनमेंटनंतर ईएसपीचा दिवा: स्टिअरिंग सरळ असल्याचे गाडीला कसे कळते?

आपल्या प्रश्नाचा गोषवारा आधी मांडतो, म्हणजे ज्यांनी तो वाचलेला नाही त्यांनाही पुढचे समजेल. आपण नाशिकला राहता. पावसाळ्यात आपल्या सेडानचे पुढचे डावे चाक मोठ्या खड्ड्यात आपटले, त्या बाजूचा लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा भाग) आणि टाय रॉड एंड (चाक वळवणाऱ्या दांड्याचे टोक) बदलला आणि नंतर व्हील अलाइनमेंट, म्हणजे चाकांच्या कोनांची जुळणी, करून घेतले. तेव्हापासून गाडी सरळ जात असताना स्टिअरिंग थोडे उजवीकडे कललेले राहते. कसारा घाट उतरताना डाव्या वळणांवर ईएसपीचा (गाडी घसरू लागली तर ब्रेक धरून तिला सावरणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लुकलुकतो, ब्रेक आपोआप हलकेच धरल्यासारखा वाटतो आणि काही वेळाने दिवा कायमचा पेटून राहतो. एका मेकॅनिकने सेन्सर बदलायला सांगितले, दुसऱ्याने बॅटरी काढून ठेवायला, तर तिसरा म्हणाला की स्टिअरिंग काढून सरळ बसवून देतो. तिघांपैकी कोणाचे ऐकावे आणि 'कॅलिब्रेशन' म्हणजे नेमके काय, असे आपण विचारले आहे.

पुण्यात अनेक वर्षे मी अलाइनमेंट आणि गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणांचे निदान हेच काम करत आलो आहे, आणि ही तक्रार माझ्याकडे नेहमी येते. तिन्ही सल्ल्यांमागे असे गृहीत धरलेले आहे की 'सरळ' ही एकच गोष्ट आहे आणि ती कुठेतरी बिघडली आहे. प्रत्यक्षात गाडीत चार वेगवेगळी 'सरळ' असतात. पहिले म्हणजे पुढची चाके गाडीला सरळ नेतात ती स्थिती. दुसरे, आपल्या हातातले स्टिअरिंग सरळ दिसते ती स्थिती. तिसरे, स्टिअरिंग अँगल सेन्सर ज्या स्थितीला शून्य अंश म्हणतो ती. आणि चौथे, ईएसपीच्या कंट्रोल युनिटने चालत्या गाडीवरून स्वतः शिकून ठेवलेले सरळ. कारखान्यातून गाडी बाहेर पडते तेव्हा ही चारही एकमेकांशी जुळवलेली असतात. आपल्या गाडीत पहिले आणि दुसरे एकमेकांपासून सुटले आहे, हे तर आपल्याला रोज डोळ्यांनी दिसते. सेन्सर नादुरुस्त असण्याची शक्यता मला म्हणूनच कमी वाटते. स्टिअरिंग खरोखर जिथे आहे तेच तो प्रामाणिकपणे सांगतो आहे, आणि ते ऐकून ईएसपी गोंधळते आहे.

अर्थात हे सगळे आपल्या वर्णनावरून म्हणतो आहे. गाडी कोणत्या बनावटीची आणि कोणत्या वर्षाची आहे, सेन्सर कोणत्या प्रकारचा आहे, अलाइनमेंट पुढच्याच चाकांचे झाले की चारही चाकांचे, यावर बरेच अवलंबून आहे. स्कॅनर (गाडीच्या कंट्रोल युनिटमधली माहिती वाचणारे उपकरण) लावून आकडे पाहिल्याशिवाय कोणत्याही सुट्या भागावर खर्च करू नये, हे मात्र कोणत्याही गाडीला लागू पडते.

सेन्सर बहुतेक गाड्यांमध्ये स्टिअरिंगच्या मागे, इंडिकेटर आणि वायपरच्या दांड्या जिथे असतात त्या स्विचच्या जुडग्यातच बसवलेला असतो. त्याच्या जवळच क्लॉक स्प्रिंग असते, म्हणजे एअरबॅग आणि हॉर्न यांच्यापर्यंत वीज नेणारी, गुंडाळलेली चपटी केबल. काही गाड्यांत सेन्सर खाली स्टिअरिंगच्या कॉलमवर असतो, तर इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग असलेल्या बऱ्याच गाड्यांत तो स्टिअरिंगच्या मोटरच्या किंवा टॉर्क सेन्सरच्या (हाताचा जोर मोजणाऱ्या सेन्सरच्या) घरातच असतो आणि वेगळा सुटा मिळतही नाही.

कोन मोजणे वरवर सोपे वाटते, पण त्यात एक अडचण आहे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत स्टिअरिंग साधारण तीन फेरे फिरते. शाफ्टवर, म्हणजे स्टिअरिंगबरोबर फिरणाऱ्या दांड्यावर, लावलेला साधा सेन्सर एका फेऱ्यातली जागा सांगू शकतो, पण १० अंश आणि ३७० अंश या दोन्ही स्थिती त्याला सारख्याच दिसतात. जुन्या पद्धतीच्या सेन्सरमध्ये शाफ्टबरोबर फिरणारी खाचांची चकती असते; एका बाजूला एलईडी, दुसऱ्या बाजूला प्रकाश टिपणारा घटक, आणि खाचा पुढे सरकतील तसे प्रकाशाचे ठोके मोजले जातात. चकतीवर एकाच मापाच्या खाचा असतील तर सेन्सरला फक्त 'किती सरकले' एवढेच कळते. 'कुठे आहे' हे कळायला आधीची जागा लक्षात असावी लागते, आणि बॅटरी काढली की ती आठवण जाते. म्हणूनच काही गाड्यांत बॅटरी बदलल्यावर ईएसपीचा दिवा लागतो आणि स्टिअरिंग दोन्ही बाजूंना टोकापर्यंत फिरवल्यावर किंवा थोडे अंतर सरळ चालवल्यावर आपोआप विझतो. हा दोष नाही, गाडी नव्याने आपले केंद्र शोधत असते.

आजच्या बहुतेक सेन्सरमध्ये ही अडचण दोन छोट्या दंतचक्रांनी सोडवलेली असते, आणि ती रीत थोडी सविस्तर सांगण्यासारखी आहे. शाफ्टवर एक मोठे दंतचक्र असते आणि त्याला दोन लहान चक्रे जोडलेली असतात. प्रत्येक लहान चक्रात एक चुंबक आणि त्याखाली चुंबकीय क्षेत्राची दिशा ओळखणारी चिप. लहान चक्रांच्या दातांची संख्या मात्र मुद्दाम थोडी वेगळी ठेवतात. समजण्यापुरते असे धरा की मोठ्या चक्राला ६० दात आहेत, एका लहान चक्राला २४ आणि दुसऱ्याला २५. स्टिअरिंगचा एक पूर्ण फेरा झाला की पहिले लहान चक्र २.५ फेरे फिरते आणि दुसरे २.४. म्हणजे दर फेऱ्याला दोघांमधले अंतर ३६ अंशांनी वाढते. स्टिअरिंग केंद्रापासून ९० अंशांवर असेल तर पहिले चक्र २२५ अंशांवर आणि दुसरे २१६ अंशांवर असते, फरक ९. आणखी एक पूर्ण फेरा घेऊन ४५० अंशांवर गेले तर पहिले ४५ अंशांवर आणि दुसरे बरोबर शून्यावर येते, फरक ४५. दोन्ही वेळा स्टिअरिंग डोळ्यांना सारखेच दिसते, पण चक्रांमधला फरक वेगळा आहे, आणि त्यावरून कितवा फेरा चालू आहे ते लगेच कळते. व्हर्नियर कॅलिपरमध्ये दोन पट्ट्यांवरच्या रेघांचे अंतर किंचित वेगळे ठेवून जो लाभ मिळवतात तोच येथे चक्रांनी मिळवलेला आहे. या रचनेत आठवणीची गरजच उरत नाही. की ऑन केल्या केल्या, स्टिअरिंग जराही न हलवता, सेन्सर खरा कोन सांगतो. बॉश कंपनीच्या मोटरस्पोर्ट विभागाचा या जातीचा सेन्सर दोन्ही बाजूंना ७८० अंशांपर्यंत मोजतो आणि अंशाच्या दहाव्या भागाइतका सूक्ष्म आकडा कॅन वायरवर, म्हणजे गाडीतली युनिट ज्यावरून एकमेकांना संदेश देतात त्या वायरवर, पाठवतो.

पण इतका सूक्ष्म सेन्सरसुद्धा एक गोष्ट स्वतःहून जाणू शकत नाही, ती म्हणजे ही गाडी नेमकी कोणत्या कोनाला सरळ जाते. शाफ्टच्या खाचा, रॅक (स्टिअरिंग फिरवले की आडवी सरकणारी दातेरी दांडी), टाय रॉड (रॅकला चाकाशी जोडणारा दांडा) आणि चाके या सगळ्यांची जुळणी झाल्यावरच ते ठरते, आणि ते त्याला बाहेरून सांगावे लागते. कॅलिब्रेशन म्हणजे एवढेच: चाके आणि स्टिअरिंग सरळ असताना सेन्सरला आज्ञा देणे की 'आत्ता तू जिथे आहेस त्याला शून्य म्हण'. वर सांगितलेल्या बॉशच्या सेन्सरमध्ये ही आज्ञा कॅन संदेशातल्या एका छोट्या आकड्याने दिली जाते, ३ म्हणजे इथे शून्य ठेव आणि ५ म्हणजे आधीचे शून्य पुसून टाक. जुने पुसल्याशिवाय तो नवे घेत नाही. स्कॅनरच्या पडद्यावर आपल्याला 'रिसेट' आणि 'कॅलिब्रेट' अशी दोन बटणे दिसतात तेव्हा त्यांच्या मागे बहुधा असेच काही घडत असते. दुरुस्ती म्हणून यात काहीच होत नाही. सेन्सरचे मोजमाप सुधारत नाही, यांत्रिक भाग जागचे हलत नाहीत, फक्त मोजणी कुठून सुरू करायची ते बदलते.

आता आपल्या डाव्या वळणांकडे येतो, कारण आपल्या वर्णनातला सर्वांत मोलाचा धागा तोच आहे. ईएसपी प्रथम १९९५ मध्ये मर्सिडीजच्या मोठ्या गाड्यांत आली, आणि तेव्हापासून तिचे मूळ तत्त्व तेच आहे. स्टिअरिंगचा कोन आणि गाडीचा वेग यांवरून कंट्रोल युनिट हिशेब मांडते की चालकाच्या मनासारखी गाडी दर सेकंदाला किती अंश वळायला हवी. दुसरीकडे गाडीच्या मध्याजवळ बसवलेला यॉ सेन्सर गाडी प्रत्यक्षात किती वळते आहे ते सांगतो. या दोन आकड्यांत फरक पडला की गाडी घसरते आहे असे समजून ठरावीक एका चाकाचा ब्रेक धरला जातो.

आपले स्टिअरिंग सरळ जाताना उजवीकडे कललेले असते. समजा हा कल ८ अंशांचा आहे. म्हणजे आपण डावीकडे वळण्यासाठी स्टिअरिंग खऱ्या अर्थाने ५५ अंश फिरवले, तर सेन्सर मात्र ४७ अंशच सांगणार. कंट्रोल युनिटला वाटते की चालकाने कमी वळवले आहे, तरी गाडी जास्त वळते आहे, म्हणजे मागची बाजू निसटते आहे. असे वाटल्यावर ते बाहेरच्या बाजूचा, म्हणजे उजवा पुढचा ब्रेक हलकेच धरते. आपल्याला घाटात जाणवले ते बहुधा हेच. उजव्या वळणावर चूक उलट दिशेने होते: गाडी सांगितल्यापेक्षा कमी वळते आहे असे यंत्रणेला वाटते, आणि त्यावरचा उपाय आतल्या मागच्या ब्रेकने सौम्यपणे होत असल्याने तो हाताला तितका कळत नाही. एकाच बाजूच्या वळणांवर ईएसपी जागी होणे हे केंद्र सरकल्याचे फार बोलके लक्षण आहे. चाकाच्या वेगाचा सेन्सर किंवा त्याची वायर खराब असती तर दिवा बहुधा असा वळणाची बाजू पाहून लुकलुकला नसता.

८ अंश हा आकडा लहान वाटेल, म्हणून तो ताडून पाहू. स्टिअरिंगचे गुणोत्तर १६ला १ धरले, म्हणजे स्टिअरिंग १६ अंश फिरले की चाक एक अंश वळते, तर चाकांवर तो अर्धा अंश होतो. साधारण अडीच मीटर व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर) असलेली गाडी ताशी ४० किलोमीटर वेगाने जात असेल, तर या अर्ध्या अंशामुळे हिशेबात सेकंदाला सुमारे २.२ अंशांची चूक येते. ५० मीटर त्रिज्येच्या घाटातल्या वळणावर त्याच वेगाला गाडी सेकंदाला साधारण १२.७ अंश वळत असते. म्हणजे यंत्रणेला मिळणारी माहिती जवळजवळ सहाव्या हिश्श्याने चुकते, आणि ओल्या रस्त्यावर तिने कोणाचे ऐकायचे, हा प्रश्न उभा राहतो.

दिवा लुकलुकणे आणि दिवा पेटून राहणे हे दोन वेगळे निरोप आहेत. लुकलुकतो तेव्हा ईएसपी काम करत असते. पेटून राहतो तेव्हा तिने 'माझ्याकडची माहिती एकमेकींशी जुळत नाही' असे ठरवून स्वतःला बाजूला केलेले असते. अशा वेळी साधा ब्रेक चालतो आणि बहुधा एबीएसही (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके अडकू न देणारी यंत्रणा) चालू राहते, पण गाडी घसरली तर सावरणारे कोणी नसते. हे काम होईपर्यंत घाटात वेग आवरूनच चालवा.

दिवा लगेच न लागता काही वेळाने का लागतो, याचे उत्तर चौथ्या 'सरळ'मध्ये आहे. कंट्रोल युनिट केवळ सेन्सरच्या शून्यावर विसंबत नाही. गाडी एकसारख्या वेगाने जात आहे, डाव्या-उजव्या चाकांचे वेग सारखे आहेत, यॉ सेन्सर आणि बाजूचा धक्का मोजणारा सेन्सर दोन्ही शून्याजवळ आहेत, असे काही काळ दिसले की ते समजते की गाडी सरळ चालली आहे, आणि त्या वेळचा स्टिअरिंगचा कोन नोंदवून त्याची सरासरी काढत राहते. काही अंशांचा फरक असेल तर तो गुपचूप वजा करून काम चालवते. म्हणून अनेक गाड्या थोडे वाकडे स्टिअरिंग घेऊन वर्षानुवर्षे दिव्याशिवाय धावतात. फरक उत्पादकाने ठरवलेल्या मर्यादेपुढे गेला की मात्र ते बिघाडाचा कोड नोंदवते आणि दिवा लावते. ही मर्यादा प्रत्येक बनावटीत निराळी असते.

या शिकण्यात आपल्याकडच्या रस्त्यांमुळे एक गोष्ट आणखी मिसळते. पाणी वाहून जावे म्हणून रस्त्याला मधून कडेकडे उतार दिलेला असतो. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे गाडी हलकेच डावीकडे ओढली जाते आणि चालक नकळत स्टिअरिंग अंशभर उजवीकडे धरून ठेवतो. तोच रस्ता उलट दिशेने जाऊन पाहिला तरी ही चूक निघत नाही, कारण परतताना आपण पुन्हा त्या दिशेच्या डाव्या बाजूलाच असतो आणि उतारही पुन्हा डावीकडेच. स्टिअरिंग सरळ आहे की नाही हे पाहायचे असेल तर सपाट, रिकामी जागा शोधावी. एखादे मोठे सिमेंटचे आवार सर्वांत चांगले. तिथे स्टिअरिंग हलकेच धरून पाहा. कललेल्या स्टिअरिंगनेही गाडी सरळ जात असेल तर केंद्र सरकले आहे. गाडीच एका बाजूला ओढत असेल तर कारण वेगळे आहे: हवेचा दाब, टायरची झीज, कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा आत-बाहेर कल), अडकलेला ब्रेक. या दोन तक्रारी एकत्र करून सांगितल्या की अलाइनमेंटवाला हमखास चुकीच्या वाटेला लागतो.

आता तिघांचे सल्ले एकेक करून पाहू. सेन्सर बदलण्याचा सल्ला देणाऱ्याचा हेतू वाईट असेल असे नाही. नवा सेन्सर बसवला की त्याला शून्य द्यावेच लागते, शून्य दिले की दिवा विझतो, आणि सगळ्यांची खात्री पटते की जुनाच खराब होता. शून्य जुन्याला दिले असते तरी दिवा तसाच विझला असता. स्टिअरिंग मात्र दोन्ही वेळा वाकडेच राहिले असते.

बॅटरी काढण्याने दोन दंतचक्रांच्या सेन्सरला काहीच फरक पडत नाही, त्याचे शून्य कायमच्या स्मृतीत असते. कंट्रोल युनिटने शिकलेले पुसले गेलेच तर ते त्याच वाकड्या गाडीवरून पुन्हा तेच शिकेल आणि दिवा परत येईल. वर घड्याळ, खिडक्या, म्युझिक सिस्टीम यांचे सेटिंग जाईल ते वेगळेच.

स्टिअरिंग काढून सरळ बसवण्याचा सल्ला मला सर्वांत जास्त खटकतो. सेन्सर शाफ्टवर आहे; स्टिअरिंग शाफ्टच्या दुसऱ्या खाचेवर बसवल्याने आपल्या डोळ्यांना सरळ दिसेल, पण सरळ जाताना शाफ्ट पूर्वीसारखाच ८ अंश उजवीकडे असेल आणि बहुतेक गाड्यांत ईएसपीची तक्रार जशीच्या तशी राहील. रॅकही केंद्रापासून सरकलेलाच राहील, म्हणजे एका बाजूला गाडी जास्त वळेल आणि दुसऱ्या बाजूला कमी. शिवाय त्या कामात एअरबॅग उतरवावी लागते, आणि ती बॅटरी काढून, ठरलेला वेळ थांबून, शिकलेल्या माणसानेच उतरवायची असते. क्लॉक स्प्रिंग आपल्या मध्यापासून फिरून गेली तर स्टिअरिंग एका बाजूच्या टोकापर्यंत नेताना तिची केबल ताणून तुटते, आणि मग हॉर्न व एअरबॅग दोन्ही जातात.

काम ज्या क्रमाने व्हायला हवे तो क्रम सोपा आहे, पण तो मोडला की पुढचे सगळे वाया जाते. आधी खड्ड्याचा हिशेब पूर्ण करायचा. डावीकडचे दोन भाग बदलले, पण त्या धक्क्याने सब-फ्रेम (लोअर आर्म जिला जोडलेले असतात ती खालची चौकट) किंचित सरकली आहे का, रॅकचे बुश, बॉल जॉइंट आणि कॉलमचा खालचा जोड घट्ट आहेत का, रिम वाकली आहे का, हे लिफ्टवर घेऊन पाहावे. मग चारही टायरमध्ये सारखी हवा, आणि चारही चाकांचे अलाइनमेंट. मागची चाके किंचित तिरकी असतील तर गाडी तिरकी ढकलली जाते आणि पुढचे कितीही जुळवले तरी सरळ जाण्यासाठी स्टिअरिंग वाकडेच धरावे लागते.

पुढच्या चाकांचा टो (वरून पाहता चाक आत किंवा बाहेर किती वळलेले आहे ते माप) लावताना स्टिअरिंग सरळ ठेवून सीटला टेकवलेल्या होल्डरने बांधून टाकलेले असावे, आणि मग डाव्या चाकाचा टो वेगळा व उजव्या चाकाचा वेगळा, प्रत्येकी आपापल्या टाय रॉडने जुळवावा. आपल्या गाडीत चूक बहुधा इथे झाली आहे. स्टिअरिंग बांधलेले नसेल किंवा फक्त एकूण टो पाहिला असेल, तर एक टाय रॉड जितका लांब झाला तितकाच दुसरा आखूड करूनही पडद्यावर हिरवा आकडा येतो. टायर झिजत नाहीत, छापील कागद बरोबर दिसतो, आणि स्टिअरिंग मात्र कललेले राहते. अलाइनमेंटचा कागद आपल्याकडे असेल तर त्यावर 'एकूण टो'च्या ओळीबरोबर डाव्या आणि उजव्या चाकाचे वेगवेगळे आकडेही तपासा, आणि मागच्या चाकांचा थ्रस्ट अँगल (ती गाडीला किती तिरकी ढकलतात तो कोन) छापलेला आहे का तेही पाहा.

त्यानंतरच स्कॅनर. इंजिनचे कोड वाचणारे मोबाइलला जोडायचे स्वस्त उपकरण इथे पुरत नाही. एबीएस-ईएसपीच्या आणि पॉवर स्टिअरिंगच्या युनिटशी बोलणारा स्कॅनर हवा. कोड काय आहेत हे आधी लिहून घ्यावे, कारण ते दिशा दाखवतात. यू ०१२६ म्हणजे सेन्सरशी संपर्कच तुटला आहे: वायर, कनेक्टर, फ्यूज पाहा. यू ०४२८ म्हणजे संपर्क आहे पण आलेली माहिती ग्राह्य नाही. कोड वाचून झाल्यावर मी नेहमी जिवंत आकड्यांच्या पानावर जातो आणि स्टिअरिंग अगदी सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवतो. आकडा सलग, न अडखळता बदलला पाहिजे. मध्येच थबकला, उडी मारली किंवा गायब झाला तर सेन्सरवर संशय घ्यायला जागा आहे. दोन्ही टोकांचे आकडे लिहून घेतो. एका बाजूला ५२४ आणि दुसऱ्या बाजूला ४९६ असे आले तर त्यांच्या फरकाचा निम्मा, म्हणजे १४ अंश, एवढे सेन्सरचे शून्य रॅकच्या मध्यापासून दूर आहे. मग डावीकडून हळूच केंद्रावर आणून आकडा पाहतो, उजवीकडून आणून पुन्हा पाहतो. दोन्हींत ठळक फरक असेल तर कुठेतरी सैलपणा आहे, आणि तो काढल्याशिवाय कॅलिब्रेशनला अर्थ नाही.

चाके सरळ, स्टिअरिंग सरळ, पण आकडा शून्य नाही, अशी स्थिती आली की मग शून्य द्यायचे. गाडी सपाट जागेवर उभी, बॅटरीला आधार देणारा चार्जर लावलेला, जुने कोड पुसलेले, आणि मग उत्पादकाच्या पुस्तिकेत सांगितलेला क्रम. काहींत इंजिन चालू ठेवायचे असते, काहींत केवळ की ऑन. काहींत सुरक्षा कोड द्यावा लागतो, तर काहींत स्कॅनर काहीच करत नाही आणि ठरावीक वेगाने सरळ चालवूनच गाडी शिकते. प्रत्यक्ष आज्ञेला काही मिनिटेही लागत नाहीत. वेळ जातो तो आधीच्या तयारीत, आणि त्याचे पैसे मागणारा कारागीर आपल्याला फसवत नसतो, हे मी मुद्दाम सांगतो.

इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगच्या मेनूत 'टॉर्क सेन्सर झीरो' असा एक पर्याय शेजारीच दिसतो. तो वेगळा आहे. हाताचा जोर शून्य असताना काय वाचायचे हे तो ठरवतो, आणि स्टिअरिंगला हात लागलेला असताना तो चुकून चालवला तर गाडी स्वतःहून एका बाजूला वळू पाहते. गरज नसताना त्याला हात लावू देऊ नका. गाडीत लेनमध्ये ठेवणारा कॅमेरा असेल, तर अलाइनमेंटनंतर त्याचेही कॅलिब्रेशन उत्पादक मागतो का ते विचारून घ्या, कारण तोही याच कोनावर विसंबून असतो. मागच्या कॅमेऱ्यावरच्या वळणाऱ्या रेषा मात्र घरीच पाहता येतात: स्टिअरिंग सरळ असताना त्या तिरक्या दिसत असतील तर शून्य सरकलेले आहे, हे स्कॅनरशिवायच कळले.

घरी करण्याजोगे असे एवढेच: हवा तपासणे, सपाट जागेवर चालवून पाहणे, डाव्या आणि उजव्या टोकापर्यंत स्टिअरिंगचे फेरे मोजणे, आणि बॅटरी अलीकडेच काढली असेल तर दोन्ही बाजूंना टोकापर्यंत फिरवून दिवा जातो का पाहणे. उरलेले काम अलाइनमेंटवाल्याचे आहे, आणि ज्याने वाकडे लावून दिले त्याच्याकडेच आधी परत जाण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. त्याला 'दिवा लागतो' असे न सांगता 'सरळ जाताना स्टिअरिंग उजवीकडे राहते, बांधून दोन्ही टाय रॉड वेगवेगळे लावा' असे सांगा.

हे सगळे होऊनही दिवा परत आला, किंवा आकडा फिरवताना तुटत असेल, तर सेन्सर खरोखर बदलावा लागेल. पाणी शिरल्याने, दंतचक्र झिजल्याने किंवा कॉलमच्या कामात ठोकर बसल्याने तो खराब होऊ शकतो. तेव्हा नवा सेन्सर बसवणाऱ्याकडून शून्य देऊन झाल्यावरचे आकडे लिहून घ्या: सरळ स्थितीतला, डाव्या टोकाचा आणि उजव्या टोकाचा. सरळचा आकडा शून्याच्या एक-दोन अंशांत आणि दोन्ही टोके जवळजवळ सारखी असतील, तरच गाडी ताब्यात घ्या आणि घाटाकडे निघा.